आयचं नख

हे खरं आहे. आधीच सांगते, म्हणजे मधेच कुणी हसायला नको.

जिच्या घरात हे घडलं ती कमेरिया माझी सख्खी मावशी. अजून धडधाकट आहे. आमच्या हरार शहराच्या कोटाच्या आत, बद्रो वेशीकडून चढण चढून आलं की एक निळ्या भिंतींची गल्ली लागते. तिच्या टोकाला तिचं घर. विश्वास बसत नसेल तर जा, कॉफी पिऊन या. मावशी कुणाला नाही म्हणत नाही.

फक्त बैठकीतल्या मोठ्या ओट्यावर बसू नका.

भुताची गोष्ट म्हटल्यावर रात्र असेल, असं तुम्ही धरून चालला असाल. रात्र नव्हती. शाबान महिन्यातली भर दुपार होती. जोहरची नमाज होऊन गेली होती, असरला अजून वेळ होता. बाहेर ऊन इतकं लख्ख की भिंतीकडे बघवत नव्हतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

कमेरिया गुडघ्यांवर बसून बैठकीतल्या ओट्यांना लाल माती देत होती.

रमजान तोंडावर आला होता, म्हणून घरोघरी हे चालूच होतं. पण कमेरियाची घाई वेगळी होती. तिच्या मुलीला, रुवेदाला, मागणी घालायला इस्कंदरच्या घरचे येणार होते. शिंप्याचा मुलगा. बोटं सुईसारखी आणि बोलणं रेशमासारखं. रुवेदाच्या मनात तोच होता.

आणि होकार कोण देणार, यावर सगळं अडलं होतं.

आमच्या बैठकीत ज्याचा त्याचा ओटा ठरलेला असतो. समोरचा सगळ्यात उंच, तो घरधन्याचा. त्याच्या खालचा म्हाताऱ्याकोताऱ्यांचा. मग पोराटोरांचा. आणि दाराच्या आड, जिथे आल्यागेल्याच्या चपलांची धूळ उडते, तो सुनेचा. कमेरिया या घरात लग्न होऊन आली ती दाराआडच्या ओट्यावर बसली, ती बसलीच. तिचा नवरा मेहदी वारला. मोठा ओटा रिकामा झाला. त्यावर कुणी बसलं नाही, आणि कमेरियाही आपल्या जागेवरून हलली नाही.

त्या दिवशी सकाळीच तिचा धाकटा दीर अब्दोश येऊन गेला होता.

"वहिनी, मोठ्या ओट्याला माती जरा जाड लावा," तो दारातूनच म्हणाला. "मला बसायचंय. खडे टोचायला नकोत."

"का? मांडी लोण्याची आहे का भावोजी?"

"हसा. पाहुणे येतील तेव्हा तिथे घरातला पुरुष नको? का मांजर बसवणार आहात?"

"विचारते मांजरीला. बसते म्हणाली तर बसवीन."

अब्दोश हसला नाही. "त्या शिंप्याच्या लोकांना मी परत पाठवणार आहे. माझ्या भागीदाराचा मुलगा काय वाईट आहे?"

"रुवेदाने त्याला पाहिलंय. एवढंच वाईट आहे."

"वहिनी, ओट्यावर जो बसतो, घरात त्याचा शब्द चालतो. हे मी ठरवलेलं नाही. रमजान झाला की मी बायकापोरं घेऊन इथेच येतोय राहायला. तुम्हाला मागची खोली आहे की."

तो गेला.

कमेरिया बराच वेळ दाराआड बसून राहिली. समोरचा ओटा बघत. मग तिने बाह्या सारल्या, मातीचं घमेलं ओढलं, आणि रुवेदाला हाक मारली.

"भिंतीवरच्या टोपल्या उतरव सगळ्या."

"सगळ्या?" रुवेदा थबकली. "आजीच्या पण?"

"आधी त्याच."

आता ही आजी कोण, ते सांगायला हवं. कमेरियाची सासू शमसिया. सगळं घर तिला आय म्हणायचं. रुवेदा पाळण्यात असतानाच ती वारली. पण भिंतीवरची प्रत्येक टोपली तिने सांगितलेल्या खिळ्यावर, तिने सांगितलेल्या क्रमाने, आजही तशीच होती. घराला रंग लागले, छत बदललं. टोपल्यांचा क्रम बदलायची कुणाची छाती झाली नाही.

आयच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख वाढवलेलं होतं. जाड, मेंदीने पिवळं पडलेलं. नवी टोपली दिसली की ती त्या नखाने ठोकून बघायची. वीण घट्ट असेल तर आवाज यायचा, टक. सैल असेल तर नुसतंच, फस्.

कमेरिया नवरी होऊन आली तेव्हा रिवाजाप्रमाणे स्वतः विणलेली टोपली घेऊन आली होती. आयने ती भरल्या बैठकीत हातात घेतली. सगळ्या बायका गप्प झाल्या.

फस्.

"विणलीय, का नुसतं गवत कोंबलंय?" आय म्हणाली.

बायका हसल्या. टोपली भिंतीवर लागलीच नाही. स्वयंपाकघरात गेली, कांदे ठेवायला. ती तिथेच होती. इतकी वर्षं.

कमेरिया स्वयंपाकघरात गेली. कांदे जमिनीवर ओतले. टोपली पुसली, झटकली, आणि मोठ्या ओट्याच्या वर, अगदी मधोमध, जिथे आयची स्वतःची टोपली असायची, तिथे लावली. बाकीच्या टोपल्या मनाला येईल त्या खिळ्यांवर लावल्या.

"आई, पाहुण्यांना कांद्याचा वास येईल!" रुवेदाला हसू आवरेना.

"येऊ दे. भूक लागेल त्यांना."

मग ती उरलेली माती सारवत सारवत मागे सरकली, दारापर्यंत. हात चालत होता आणि तोंडाने टोपली विणतानाचं गाणं चाललं होतं. आमच्या सगळ्या मुली विणताना ते म्हणतात.

*काडीवर काडी बाई, विणते मी वळून वळून*
*सासूच्या गं भिंतीवर राहीन मी टोपली होऊन*

बैठक ओली झाली. लाल, चकचकीत. आता वाळेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. दोघी मायलेकी अंगणात हात धुवायला बसल्या.

आणि तेवढ्यात...

टक.

रुवेदाने मान वर केली. "काय पडलं?"

टक... टक...

आवाज बैठकीतून येत होता. भिंतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. सावकाश. कुणीतरी चालत चालत एकेक टोपली तपासत असल्यासारखा.

टक...

कमेरियाच्या हातातलं पाणी ओघळून गेलं.

मग आवाज थांबला. भिंतीच्या बरोबर मधोमध.

...फस्.

कमेरिया उठली. दाराशी गेली. आत कुणी नव्हतं. ओल्या मातीवर कुठेही पाऊल उमटलेलं नव्हतं. मांजराचंसुद्धा नाही.

पण तिची टोपली उलटी झाली होती. तोंड भिंतीकडे, पाठ जगाकडे.

रुवेदाने तिचा हात गच्च धरला. "आई, वारा असेल ना?"

"वारा असता तर बरं झालं असतं," कमेरिया म्हणाली. मग ओल्या मातीकडे बघत, घसा साफ करून, मोठ्याने म्हणाली, "आय, माती वाळली की मी टोपली परत सरळ करणार आहे. हात लावायचा नाही."



संध्याकाळी माती वाळली. तिने टोपली सरळ केली.

दुसऱ्या दिवशी दोघी बाजारातून आल्या. दाराला घातलेलं कुलूप जसंच्या तसं होतं. आत गेल्या...

भिंतीवरच्या सगळ्या टोपल्या आपापल्या जुन्या खिळ्यांवर होत्या.

मधोमध आयची टोपली होती.

कमेरियाची टोपली स्वयंपाकघरात होती. तिच्यात कांदे होते. नीट लावलेले. मोठे खाली, लहान वर. आय लावायची तसे.

"काका आला असेल," रुवेदा म्हणाली. तिच्या आवाजात जीव नव्हता. "त्याच्याकडे किल्ली असेल एखादी."

"तुझ्या काकाला आयुष्यात कधी कांदा हातात धरताना पाहिलंयस?"

कमेरियाने कांदे पुन्हा ओतले. सगळ्या टोपल्या पुन्हा उतरवून क्रम बदलून लावल्या. आपली टोपली मधोमध लावली, आणि या वेळी सुंभाने खिळ्याला बांधली. गाठीवर गाठ.

शेजारची मुफ्तिया कुंपणावरून सगळं बघत होती. ती तशी सगळ्यांचंच सगळं बघते.

"अगं, शेखांना बोलाव," ती दबक्या आवाजात म्हणाली. "धूप घाल घरात. गेलेलं माणूस असं परत येऊ नये."

"धूप घालून परकं कुणी असेल तर जाईल," कमेरिया म्हणाली. "ही माझी सासू आहे. सासूला घालवणारा धूप बाजारात आला की मला सांग. दोन पुडे घेईन."

मुफ्तियाला हसावं का तोबा करावी, कळेना. तिने दोन्ही केलं.

हसणं ठीक होतं. पण त्या दुपारी कमेरिया एकटीच अंगणात मिरच्या निवडत होती. रुवेदा मैत्रिणीकडे गेली होती. कमेरिया मनाला धीर म्हणून तेच गाणं गुणगुणायला लागली.

*काडीवर काडी बाई, विणते मी वळून वळून...*

तिला ठसका लागला. ती थांबली.

आणि रिकाम्या बैठकीतून...

*...सासूच्या गं भिंतीवर राहीन मी टोपली होऊन.*

आवाज म्हातारा नव्हता. तो तरुण होता. एखाद्या नव्या सुनेचा. हुंदका गिळून गाणाऱ्या मुलीचा.

कमेरिया मिरच्या तशाच टाकून गल्लीत येऊन उभी राहिली. उन्हात. असरची बांग होईपर्यंत ती आत गेली नाही. तेवढ्या एकदाच ती घाबरली, असं ती स्वतः सांगते. मला वाटतं, ती कमी करून सांगते.

मग पाहुणे यायचा दिवस आला.

भिंत अजून तिच्या मनासारखी होती. गाठी सुटल्या नव्हत्या. तिने ओट्यांवर गालिचे पसरले, लोबान पेटवला, निखाऱ्यावर कॉफीचं भांडं ठेवलं. मोठ्या ओट्यावर स्वतःच्या लग्नातल्या जांभळ्या रेशमाची गादी घातली. लांबरुंद, भरदार गादी. पाहुण्यांना अजून वेळ होता. ती दाराआडच्या आपल्या ओट्यावर टेकली आणि समोर बघत म्हणाली, "आज मी तिथे बसणार."

गादीचा एक कोपरा हलला.

कमेरिया बघतच राहिली.

गादी दबायला लागली... हळू... अगदी हळू. गुडघे दुखणारी बाई हात टेकून बसते ना, आधी एक कुल्ला, मग दुसरा... तशी.

रेशमात खोल खळगा पडला.

आणि एक सुस्कारा ऐकू आला. दमलेल्या बाईचा. मेंदीचा आणि लवंगेचा वास आला.

सुनेची सवय म्हणून कमेरिया उठून उभी राहिली. आय बसली की उठायचं, हे अंगात भिनलेलं होतं. आणि उभी राहिल्यावर तिला एक गोष्ट आठवली. इतकी साधी, की आजवर कधी मनात आली नव्हती.

आय जिवंतपणी त्या ओट्यावर कधीच बसली नव्हती.

आधी तिचा नवरा बसायचा. तो गेल्यावर मुलगा बसला. आय सगळं घर हलवायची, पण खालच्या ओट्यावरून. आणि त्याही आधी, केव्हातरी, ती दाराआड बसली असणार. चपलांच्या धुळीत. तिचीही टोपली कुणीतरी नखाने ठोकली असणार.

दार वाजलं.

अब्दोश सगळ्यात पुढे होता. पांढरीशुभ्र लुंगी कमरेला, खांद्यावर नवी शाल. मागे इस्कंदरचा चुलता हाजी शरीफ, मग इस्कंदरच्या आत्या, मावश्या. सलाम झाले, हालहवाल झाली.

"वा!" अब्दोश भिंत बघून म्हणाला. "वहिनींनी घर उलटंपालटं केलंय. ती मधली टोपली कुठली? कांद्याची ना?"

"माझी आहे," कमेरिया म्हणाली. "भावोजी, त्या ओट्यावर बसू नका."

"बघा," तो पाहुण्यांकडे वळून हसला. "अजून दादाचं दुःख ओसरलं नाही."

तो चढला. शाल सावरली. खळगा पडलेल्या गादीवर जाऊन बसला.

आणि त्याचं हसू जागच्या जागी थिजलं.

"वहिनी..." तो पुटपुटला. "इथे... खाली कोण आहे?"

"गादी आहे."

"गादी नाही. मांडी आहे." त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. "मी कुणाच्या तरी मांडीवर बसलोय."

पाहुणे बघत होते. उठावं तर लाज जाईल, म्हणून तो बसूनच राहिला. दातांवर दात घट्ट धरून. त्याने तोंड उघडलं. "हाजीसाहेब, या मुलीच्या बाबतीत, घरातला मोठा म्हणून माझा शब्द असा आहे की..."

तेव्हा बैठकीतल्या सगळ्यांनी ऐकलं. इस्कंदरच्या आत्यांना विचारा. आजही सांगतील.

अब्दोशच्या डोक्यावर, बरोबर टाळूवर, कुणीतरी नखाने ठोकलं...

फस्.

इस्कंदरची एक म्हातारी मावशी तोंडावर पदर धरून हसायला लागली. ते हसू वेगळंच होतं. भीतीने येतं तसं.

अब्दोश उतरला.  बसायला दुसरी जागा दिसली नाही, म्हणून तो दाराआडच्या ओट्यावर जाऊन बसला. पाहुण्यांच्या चपलांशेजारी. तिथून तो शेवटपर्यंत एक अक्षर बोलला नाही.

हाजी शरीफ खाकरले. भला माणूस. "मग... घरातून होकार-नकार कोण देणार?"

"मी," कमेरिया म्हणाली.

ती मोठ्या ओट्यापाशी गेली. गादीवर खळगा तसाच होता. अब्दोश उठला तरी भरून आला नव्हता.  तिने पदर खोचला.

"आय, सरका."

काहीच हललं नाही. निखारा फुटला, तेवढाच आवाज.

"सरका म्हणते ना," कमेरिया म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, पण खाली आला नव्हता. "मला बसायचंय. तुम्हाला उठा म्हणत नाही. तुम्हीही उभं आयुष्य खालीच काढलंत. पण सगळी गादी तुमची नाही. दोघींना पुरेल एवढी आहे. सरका."

रुवेदा दाराशी उभी होती. ती म्हणते, तिने त्या वेळी श्वास घेतलाच नाही.

गादीवरचा खळगा...

...हळूच बाजूला सरकला.

एका माणसापुरती जागा झाली. कमेरिया वर चढली, त्या जागेत बसली, पाय पोटाशी घेतले, आणि हाजी शरीफांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, "आमच्या मुलीला तुमचा मुलगा पसंत आहे. आमचा होकार आहे. कॉफी घ्या."

अब्दोश त्या घरात राहायला आला नाही. सणालासुद्धा आता दारातूनच सलाम करतो.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितलीही नसती. लोक म्हणाले असते, बरं झालं, म्हातारीने सुनेला आसरा दिला.

पण रुवेदाने लग्नासाठी स्वतःची टोपली विणली. शेवटची काडी खोवून ती आईला दाखवायला आणली. कमेरिया मोठ्या ओट्यावर बसली होती, आपल्या अर्ध्या गादीवर. तिने टोपली मांडीवर घेतली.

आणि तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप उचललं गेलं...

ती दचकली. तिने तो हात मांडीखाली दाबून धरला. घट्ट.

टोपली मांडीवर होती. दुसरा हात खाली टेकलेला होता. टोपलीला कुणीच स्पर्श केला नव्हता.

...फस्.

रुवेदाचा चेहरा उतरला. आवाज तिनेही ऐकला होता. "सैल झाली का गं, आई?"

"कोण म्हणतं?" कमेरिया ओरडली. रिकाम्या बाजूकडे वळून ओरडली. "सुंदर झालीय! अशी वीण या भिंतीवर एकाही टोपलीची नाही! ऐकलंत का, आय? एकाही!"

रुवेदा ती टोपली घेऊन नांदायला गेली. सुखात आहे. तिच्या सासूने टोपली न ठोकता भिंतीवर लावली.

गेल्या शाबानात मी मावशीकडे गेले होते. मोठ्या ओट्यावर ती बसलेली. शेजारी खळगा. मी तिकडे बघायचं टाळलं. बोलता बोलता मावशीने कनवटीतून छोटी कात्री काढली आणि नख कापायला लागली.

"काल पण कापत होतीस," मी म्हटलं.

"रोज कापते. रात्रीत वाढतं."

"एवढं?"

तिने कापलेला तुकडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. जाड होता. मेंदीने पिवळा पडलेला. मावशीने तर मेहदीकाका गेल्यापासून मेंदीला हात लावलेला नाही.

"वाढवू दे तिला वाढवायचं तेवढं," मावशी शेजारच्या खळग्याकडे बघत म्हणाली. "मी कुणाच्या पोरीची टोपली ठोकायची नाही. मी हयात आहे तोवर तरी नाही."

तिने कात्री पुन्हा कनवटीला खोचली.

बाकीची नऊ नखं तिने कापली नव्हती. त्यांना गरजच नव्हती.